बारागाड्या आणि जिभेखालची गोळी

धुळे, १७ मार्च २०२५

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या छातीला आणि उरलेले माझ्या भावजयीला, ताईबाईला, कारण तिला तुझ्यासोबत एका घरात राहावं लागतं.

हातात मोबाईल असताना बहीणभाऊ पोस्टानं पत्रं कशाला पाठवता, असं परवा शेजारणीनं विचारलं. मी तिला सांगितलं, आम्ही फोनवर बोललो की भांडतो आणि भांडलो की दोघांनाही जिभेखाली गोळी ठेवावी लागते. पत्रात निदान एकानं भांडून घेतलं की दुसऱ्याला तीन-चार दिवस विश्रांती मिळते. माझ्या डॉक्टरांना ही पद्धत फार आवडली आहे.

तर तू पास झालास म्हणे. तुझ्या प्रेमराजनं माझ्या कुंदनला फोटो पाठवला. त्यात तू, तुझ्या हातात रिपोर्ट, गळ्यात हार आणि पुढ्यात पेढ्यांचा मोठा बॉक्स. मला वाटलं सोसायटीच्या निवडणुकीत माझा भाऊ निवडून आला. मग कुंदन म्हणाला, नाही आई, मामा स्ट्रेस टेस्ट पास झाला. त्या फिरत्या पट्ट्यावर पूर्ण वेळ चालला आणि कागदावरची रेघ जरासुद्धा बिघडली नाही. हृदयाच्या पेशंटनं तब्येत चांगली निघाली म्हणून गावभर खव्याचे पेढे वाटावेत, ही कल्पना मात्र तुझ्याशिवाय कुणाला सुचली नसती.

मी जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. वर्षभर नापास होणारी मुलगी एकाएकी पैकीच्या पैकी मार्क घेऊन आली की आम्ही तिचं अभिनंदन करायचो आणि तिच्या शेजारी कोण बसलं होतं तेही बघायचो. तुला मागच्या आखाजीआधी स्टेंट बसला. दिवाळीत तू मला सांगितलंस की जिना चढलो की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं. तो पाटा कुठे गेला? कळव. माझ्याकडेही एक आहे, तोही तिकडेच पाठवीन.

माझं उत्तम चाललं आहे. रोज सकाळी ग्राऊंडवर चालायला जाते. आमचा बायकांचा ग्रुप आहे. बोलत बोलत तीन-चार फेऱ्या कधी होतात कळत नाही. तूही असं शहाण्यासारखं चालत जा.

तुझी,
सुलक्षणा अक्का

&nbsp;

असोदा, २४ मार्च २०२५

ती. अक्काच्या पायांवर डोकं, डॉक्टरनं वाकायला परवानगी दिली आहे तेवढंच.

तुझं अभिनंदनाचं पत्र मिळालं. वाचून ताईबाई हसली, यावरून त्यात अभिनंदन किती होतं ते मला कळलं.

पाटा कुठे गेला ते सांगतो, पण ताईबाईला कळू देऊ नकोस. टेस्टच्या आधी दवाखान्यातल्या पोरीचा फोन आला होता. म्हणाली, नाना, अमुक गोळ्या बंद ठेवून या. मी म्हटलं वा, शहाणीच आहेस. कुस्तीला बोलवायचं आणि लंगोट घरी ठेवून या म्हणायचं. मी रोजच्या सगळ्या गोळ्या घेतल्या. शिवाय माझा नंबर यायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन जिभेखालची एक गोळी ठेवून आलो. माझ्या आधीचा माणूस पट्ट्यावर म्हशीसारखा धापा टाकत होता. मी चढलो, पट्टा पळाला, मी पळालो. डॉक्टर एकदा कागदाकडे बघे आणि एकदा माझ्याकडे बघे. शेवटी म्हणाला, नाना, झकास. एवढं शिकलेला माणूस, पण त्याच्या काही लक्षात आलं नाही.

आता खरी बातमी. या आखाजीला मरीमायच्या बारागाड्या मी ओढणार.

तुझ्या त्या शेजारणीला कौतुक म्हणून सांग. आखाजी म्हणजे तिची अक्षय्य तृतीया. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर मावतील तेवढी माणसं बसवायची, न मावणारी लोंबकळत ठेवायची, आणि देवळापासून वेशीपर्यंत त्या भगतानं ओढायच्या. दोन्ही बाजूंना आधाराला बगले असतात, पण दोर भगताच्या खांद्यावर. आजोबांनी ओढल्या, आबांनी ओढल्या, आबांनंतर मी. धुळ्यात असलं काही होत असेल तर कळवावं.

मागच्या वर्षी स्टेंटमुळे दोर जीवरामनं धरला. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. मी ओट्यावर बसून बघत होतो, अक्का. स्टेंट बसला तेव्हा एवढं दुखलं नाही, जेवढं ते बघताना दुखलं. आता पंच म्हणतात, सलग दोन वर्षं घराण्यानं दोर सोडला की तो दुसऱ्या घरी जातो. जीवरामनं नवं धोतरसुद्धा आणून ठेवलं आहे, असं ऐकतो.

प्रेमराज आहे, पण त्याला मोबाईल धरायला दोन हात लागतात. तो बगल्या म्हणून चालेल, गाड्या त्याच्या हातून हलायच्या नाहीत.

मी मात्र तयार आहे. उपवास नेहमीसारखा कडक ठेवणार. सकाळपासून गाड्या वेशीला लागेपर्यंत तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. तू आखाजीला माहेरी ये आणि भावाला डोळे भरून बघ.

तुझा,
अभिमन

&nbsp;

धुळे, १ एप्रिल २०२५

चि. अभिमन, आजची तारीख बघ. तुझं पत्र आजच्या दिवसासाठी लिहिलं असशील अशी मला दिवसभर आशा होती.

आशा संपली, म्हणून आता बाई शिकवते. वही काढ.

जिभेखालची गोळी छातीत ताकद भरत नाही. ती रक्ताच्या नळ्या सैल करते. नळ्या सैल झाल्या की बरंचसं रक्त पायांत आणि पोटात रेंगाळतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, आणि पुढे ढकलतानाही हृदयाला जोर कमी लागतो. तुला समजेल अशा भाषेत सांगायचं तर तुझ्या बारा गाड्यांवरची निम्मी माणसं ती खाली उतरवते. मग ज्या हृदयाला दुसऱ्या मिनिटाला दुखलं असतं, ते आणखी बरंच चालतं. हे तिचं कामच आहे आणि ती ते चोख करते. आमच्या डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं आहे की चालायला निघण्याआधी एक घ्यायची, बसून घ्यायची, पाच मिनिटं बसून राहायचं आणि मग निघायचं. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही.

पण त्या पट्ट्यावर तुला कशाला चढवलं होतं? भरलेल्या गाड्या कुठे अडतात ते बघायला. तू चोरून निम्मी माणसं उतरवलीस, रिकाम्या गाड्या ओढून दाखवल्यास आणि वर डॉक्टरला मूर्ख ठरवलंस. ज्या माणसाला आपलं दुखणं शोधायला पैसे दिले, त्याच्यापासूनच ते लपवलं, आणि लपलं म्हणून पेढे वाटले. अभिमन, पास तू झालेला नाहीस. गोळी पास झाली आहे. हार तिला घालायला हवा होता.

आता यातली खरी करामत. तू उपवासाचं एवढ्या अभिमानानं लिहिलंस की ती तुझ्याच लक्षात आली नाही. आखाजीच्या दिवशी तोंडात काही जाऊ द्यायचं नाही, म्हणजे गोळीही नाही. जीभ तोंडातच असते, निदान तुझी तरी नेहमी तिथून बाहेर येते. म्हणजे दवाखान्यात, जिथे घ्यायची नव्हती तिथे तू गोळी घेतलीस. आणि जिथे खरोखर बारा गाड्या आहेत तिथे तू ती घेणार नाहीस. मला शाळेत पुष्कळ कॉपी करणाऱ्या मुली भेटल्या, पण चाचणीला कॉपी करून बोर्डाला कोरी जाणारी एकही भेटली नाही.

आणि चोरून घेतलीस तरी सुटका नाही. एप्रिलचं ऊन, दिवसभर पाणी नाही, वर धावणं. उन्हानं आणि धावण्यानं नळ्या आधीच सैल होतात, त्यात गोळी. रक्तदाब इतका खाली जाईल की डोळ्यांपुढे अंधारी येऊन तू पडशील. घेतली नाहीस तर छाती भरून पडशील. कसाही पडलास तरी मागे बारा गाड्या आहेत आणि त्यांना ब्रेक नाहीत.

आबा गाड्या ओढून आले की ओट्यावर बसून छाती चोळायचे, आठवतं? आई ओवा द्यायची. सगळे म्हणायचे गॅस झाला. साठी गाठायच्या आत ते त्याच ओट्यावर गेले, आणि गाव म्हणालं, मरीमायनं आपला भगत नेला. मरीमायला कुणी विचारलं होतं का ते मला माहीत नाही. तुला येत्या श्रावणात साठावं लागेल.

मला भीती वाटते, अभिमन. हे एकदाच सरळ लिहिते. जाऊन डॉक्टरला खरं सांग, आणि तो सांगेल त्या गोळ्या तो सांगेल तसं बंद ठेवून टेस्ट पुन्हा दे.

सुलक्षणा अक्का

&nbsp;

असोदा, ९ एप्रिल २०२५

ती. अक्कास, वही भरली. पाठीवर छडीचे वळही उठले आहेत.

तुझं पत्र वाचून मी गोळी घेतली. बसून घेतली, पाच मिनिटं थांबलो आणि मग पुढचं पान वाचलं.

उपवासाचं मी देवळाच्या पुजाऱ्याला विचारलं. त्यानं आधी पंचांग बघितलं, मग मोबाईल बघितला. म्हणाला, नाना, औषध म्हणून चालेल, पण मग गाड्या तुम्ही ओढल्या की गोळीनं, असं लोक विचारतील. लोक म्हणजे जीवराम. तेव्हा गोळी नाही. गाड्या माणूस ओढत नसतो, मरीमाय ओढते, हे आबा सांगायचे. तू विज्ञान शिकवलंस म्हणून तिच्या अंगातली ताकद कमी होत नाही.

आता तुझ्या ग्राऊंडबद्दल. तुझं पत्र वाचून मला वाटलं, जी बाई रोज सकाळी ग्रुपमध्ये बोलत बोलत फेऱ्या मारते, तिच्याकडून शिकावं. म्हणून कुंदनला फोन केला, तुझ्या ग्राऊंडची वेळ विचारायला. त्यानं आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, मामा, आई दिवाळीपासून फाटकाबाहेर गेलेली नाही. पत्रसुद्धा मीच पेटीत टाकतो. तिचं ग्राऊंड म्हणजे देवघर ते झोपाळा.

त्या तीन-चार फेऱ्या झोपाळ्याच्या असतील तर मी अभिनंदन करतो. ग्रुपमध्ये कोण कोण असतं तेही कळव. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तर असतीलच.

मला खोटं पास व्हायला निदान पट्ट्यावर चढावं तरी लागलं. तू तर घरी बसून पास झालीस.

चल, सौदा करू. तू आखाजीला माहेरी ये. बसमधून उतरलीस की रिक्षा नाही, मोटारसायकल नाही, स्टँडपासून घरापर्यंत तुझ्या पायांनी. तू येणार असशील तर मी पुन्हा टेस्ट देतो, तुझ्या म्हणण्यासारखी. नाही तर दोघंही आपापल्या घरी थापा मारत बसू.

अभिमन

&nbsp;

धुळे, १४ एप्रिल २०२५

चि. अभिमन,

कुंदनला आज जेवणात कारल्याची भाजी केली आहे. त्याला आवडत नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी ग्राऊंडवर निघाले होते. उशीर झाला होता, म्हणून गोळी उभ्या उभ्याच जिभेखाली ठेवली आणि चालायला लागले. जी गोष्ट मी तुला दोन पानं शिकवली, ती मी स्वतः केली नाही. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळ पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काळं झालं आणि मी रस्त्यावर आडवी झाले. शाळेला निघालेल्या मुली जमल्या. त्यांच्या आयांना मी शिकवलं आहे. एक मुलगी दुसरीला म्हणाली, या त्या कडक बाई.

लागलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, छाती ठीक आहे, चूक गोळीची नाही, घाईची आहे, उद्यापासून पुन्हा चाला. त्या उद्याला आता पाच महिने झाले. छातीनं कधीच हो म्हटलं, पाय फाटकाबाहेर पडायला तयार नाहीत. दुसऱ्यांना भीती वाटू नये म्हणून मी जन्मभर ओरडले आणि आता टाकीला घाबरून बसले आहे. हसून घे.

सौदा मान्य. तू टेस्ट दे, मी येते.

सुलक्षणा अक्का

&nbsp;

असोदा, २२ एप्रिल २०२५

ती. अक्कास नमस्कार.

टेस्ट दिली. गोळी न घेता दिली. पास झालो. डॉक्टर म्हणाला, ठीक आहे.

बाकी इकडे ऊन फार आहे. केळीला दोन दिवसांआड पाणी सोडतो. रावेरकडे वादळानं बागा झोपल्या असं ऐकतो, आपल्याकडे अजून हवा बरी आहे. ताईबाईनं कुरडया घातल्या. मांजरीनं त्यातली एक चादर बिघडवली. अंगणातल्या लिंबाला नवी पालवी आहे. तू येशील तेव्हा लिंबाला झोका बांधतो, आखाजी आहे.

अभिमन

&nbsp;

धुळे, २५ एप्रिल २०२५

चि. अभिमन,

अभिनंदन. मांजरीची तब्येत आणि लिंबाची पालवी वाचून बरं वाटलं.

बुधवारी सकाळच्या बसनं येते.

सुलक्षणा अक्का

&nbsp;

असोदा, ६ मे २०२५

ती. अक्कास,

तू आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी बस धरलीस. गाव काय म्हणतं ते ऐकायलासुद्धा थांबली नाहीस, म्हणून सगळं लिहितो. शिवाय तू गाडीवर होतीस आणि मी दोराजवळ. तिथून मला काय दिसत होतं ते तुला माहीत नाही.

आधी टेस्टचं. गोळीशिवाय पट्ट्यावर चढलो. पट्टा अजून चालीच्याच वेगात होता आणि पाटा आला. रेघ वाकली. डॉक्टरनं पट्टा थांबवला, मला झोपवलं आणि म्हणाला, नाना, मागच्या वेळी गोळी घेऊन आला होतात ना. मी हो म्हटलं. तो रागावला नाही, म्हणून मलाच त्याचा राग आला. म्हणाला, पुन्हा अँजिओग्राफी करू, गोळ्या बदलू, तोवर हळूहळू चाला. मी विचारलं, गाड्या? तो हसला, त्याला वाटलं मोटारगाड्या. मग मी बारा सांगितल्या. त्यानंतर तो हसला नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. दोर जीवरामकडे जातो या विचारानं मला झोप येत नव्हती. म्हटलं, आबा गेले तसे जाऊ, निदान दोर खांद्यावर असताना जाऊ. खरं सांगतो, अक्का, मी तसं ठरवलं होतं.

आता आखाजीची संध्याकाळ. मी गाड्यांना फेरी मारली. भंडाऱ्यानं सगळे पिवळे झाले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, देवळाच्या पायऱ्या उतरतानाच छातीत बारीक कळ होती. डफ वाजत होता. दोर खांद्यावर घेतला आणि मागे वळून देवीला हात जोडले, तर पहिल्या गाडीच्या तोंडाशी तू बसलेली. त्या गाडीवर बाई बसत नाही, आजवर बसलेली नाही. कुणी तुला चढवलं हे गावात आजही कुणी कबूल करत नाही.

मी म्हटलं, "अक्का, उतर ना. बठ्ठा लोके देखी राह्यनात."

तू म्हणालीस, "देखू दे. मी उतरसू नही. आज मीबी गोळी लिधी नही. वढ."

मी दोर खांद्यावर सारखा केला. मग तू पुढे वाकून हळूच विचारलंस, फक्त मला ऐकू येईल असं, "दुसरी परीक्षाना पेढा कोठे शेतस, अभिमन?"

तुला आधीपासून माहीत होतं. पहिल्यांदा पास झालो तेव्हा असोद्यात एक घर पेढ्याशिवाय राहिलं नव्हतं, आणि या वेळी साखरेचा दाणाही नाही. हे ताईबाईच्या लक्षात आलं नाही, पंचांच्या नाही, जीवरामच्याही नाही. तुझ्या लक्षात धुळ्यात बसून आलं.

तू वरून माझी पाठ बघत होतीस. मला एकच दिसत होतं. मी पडलो तर पहिली गाडी माझ्यावरून जाणार आणि त्या गाडीवर तू. तुझी छाती माझ्यासारखीच, आणि गोळी नाही. एकट्यानं मरायचं मी ठरवलं होतं, त्यात मोठी बहीण धरलेली नव्हती.

बगलेत प्रेमराज होता. बगल्यांनाही उपवास असतो, तो सकाळपासून पाण्याच्या थेंबाशिवाय होता आणि मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. मी दोर काढला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. तो म्हणाला, "नाना, मले जमी का?" मी म्हटलं, "मले तरी कोठे जमत व्हतं." मग लोकांनी मला ओढून तुझ्या बाजूला बसवलं. पुढचं तू बघितलंस. वेशीजवळ तो जरा वाकडा गेला, पण थांबला नाही.

गावात आता दोन पक्ष आहेत. जीवरामचा पक्ष म्हणतो, अभिमन घाबरला. दुसरा पक्ष म्हणतो, धुळ्याच्या मास्तरीणबाईंचं वजन बघून मरीमायनंच भगत बदलला. मी दुसऱ्या पक्षात आहे. पंच म्हणाले, दोर घरातच राहिला, वाद नाही. प्रेमराज खांद्याला हळद लावून फिरतो आणि दिवसातून दहा वेळा लोकांना खांदा दाखवतो. फोन आता ताईबाईकडे असतो.

मला वाईट वाटतं, अक्का. दोर गेला नाही, पण माझ्या खांद्यावरून गेला. ते काही दिवस वाटणार.

पुढच्या महिन्यात अँजिओग्राफी आहे. तोवर रोज सकाळी ताईबाई फाटकात स्टूल ठेवते. मी बसतो, जिभेखाली गोळी ठेवतो, ती हवालदारासारखी समोर उभी राहते आणि मग मी केळीच्या बागेपर्यंत जाऊन येतो. पाटा येत नाही. पेढे वाटलेले नाहीत.

अभिमन

&nbsp;

धुळे, १३ मे २०२५

चि. अभिमन, माझ्या वजनावर मरीमायचं मत घेतल्याबद्दल आभार. पुढच्या वेळी तिला चार शब्द माझ्याबद्दलही चांगले सांगायला लाव.

एक दुरुस्ती कर. मी गाडीवर तुला सांगितलं की मी गोळी घेतली नाही, ते खोटं होतं. तू गाड्यांना फेरी मारत होतास तेव्हा मी देवळाच्या पायरीवर बसून घेतली, पाच मिनिटं थांबले आणि मग मला दोघांनी उचलून वर चढवलं. मी विज्ञान शिकवलेली बाई आहे. भावासाठी गाडीवर बसेन, पण तुझ्यासारखी बिनगोळीची बसणार नाही. एवढ्या वर्षांत तू मला पहिल्यांदा घाबरलास, त्याचा उपयोग करून घेतला. पण मी तिथे बसले होते ते खरं होतं. तू दोर सोडला नसतास तर मी उतरले नसते.

दुसरी दुरुस्ती. गाडीवर माझ्या बाजूला बसल्यावर वेशीपर्यंत तू रडत होतास. मी पदर पुढे केला, तर म्हणालास, भंडारा डोळ्यात गेला. मीही तेच म्हणाले. आबा असते तर त्यांच्याही डोळ्यात गेला असता. ते कधी गाडीवर बसलेच नाहीत.

सौद्यातला माझा भाग तू पत्रात गाळलास, म्हणून मी आठवण करून देते. स्टँडपासून घरापर्यंत मी चालत आले. वाटेत चार जणांनी मोटारसायकल थांबवली, एकीवरही बसले नाही. तू ओट्यावर उभा राहून बघत होतास आणि मी जवळ आल्यावर म्हणालास, उशीर केलास. भाऊ म्हणून तुझ्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती.

अँजिओग्राफीला मी येते. दवाखान्यात बाथरूमला जाताना प्रेमराज तुझ्यासोबत येईल.

प्रेमराजला सांग, आत्याला खांद्याचा फोटो मिळाला. सात वेळा मिळाला.

आणि हे पत्र मी कुंदनला टाकायला दिलेलं नाही. पोस्टाची पेटी पाण्याच्या टाकीच्या पलीकडे आहे. पत्र तुला मिळालं असेल, तर मी पोचले.

तुझी,
सुलक्षणा अक्का